कोयना खोऱ्यातली सीजे-३बी: बंद पडलेल्या जीपच्या घरगुती दुरुस्तीचा प्रकरण अभ्यास

गाडी महिंद्र सीजे-३बी, पेट्रोल, १९७२ ची नोंदणी. पाटण तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाच्या गोठ्याला लागून असलेल्या पडवीत सुमारे पंधरा वर्षे उभी. वर पत्र्याचे छप्पर होते, पण खाली माती आणि बाजूने पावसाची झड. इंजिन हँडलने फिरत नव्हते, चारही टायर बसलेले, मागच्या बाजूचा पत्रा हाताने तुटत होता. घरच्यांचा बेत असा: इंजिन काढून डिझेल इंजिन बसवायचे, बॉडी रंगवायची, मोठे टायर घालायचे.

या बेतातले शेवटी फक्त रंगकाम झाले, तेही सगळ्यात शेवटी. ज्याला सगळे मेलेले समजत होते ते इंजिन तुलनेने थोडक्यात सुटले. खरा वेळ आणि पैसा गेला तो स्टेअरिंग, ब्रेक, मागचे हब आणि बॉडीच्या खालचे आडवे चॅनल यांवर. घरी जीप उभी करणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत हेच घडते, म्हणून कामाचा क्रम आणि प्रत्येक निर्णयामागचे कारण इथे सविस्तर मांडले आहे.

थोडी ओळख. विलीज कंपनीने सीजे-३बी १९५३ मध्ये अमेरिकेत बाजारात आणली आणि तिथे ती १९६८ पर्यंत बनली. आपल्याकडे महिंद्रने ती त्यानंतरही बरीच वर्षे बनवली. हिचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच आहे त्याचे कारण इंजिन. हरिकेन एफ-१३४, २१९९ सीसी, चार सिलेंडर. यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये वर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला असतात. हेड उंच झाले म्हणून बॉनेट उंच. ही रचना पुढे दुरुस्तीत पदोपदी आडवी येते.

पाना उचलण्याआधी कागद

पहिले काम आरसी बुक आणि चासी नंबर जुळवण्याचे. चासीवर ठोकलेला नंबर तारेच्या ब्रशने नव्हे, रॉकेल आणि चिंधीने साफ करायचा. त्यावर कागद धरून पेन्सिलचा छाप घ्यायचा आणि फोटो काढून ठेवायचे. नंतर चासी घासताना किंवा सँडब्लास्ट करताना त्या जागेवर जाड टेप आणि पत्र्याचा तुकडा बांधायचा. ग्राइंडरने नंबर पुसट झालेली गाडी आरटीओच्या तपासणीत अडकते, आणि तिथून पुढे कितीही चांगले काम केले तरी ती रस्त्यावर आणणे कठीण होते.

इंजिन बदलण्याचा बेत इथेच सोडून दिला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत बदल करायला परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. तांत्रिक कारण त्याहून मोठे आहे. जड डिझेल इंजिन पुढच्या पाट्यांवर (पट्टीच्या स्प्रिंगांवर) बसते, त्याचा धक्का आणि टॉर्क जुन्या तीन गिअरच्या टी-९० गिअरबॉक्सवर येतो, आणि ९ इंची ड्रम ब्रेक होते तेवढेच राहतात. मूळ इंजिन सुटत असेल तर ते ठेवावे, हे आमचे स्पष्ट मत.

नोंदणीचे दोन रस्ते होते. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपातली खासगी गाडी ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक घेऊन व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. पण मग ती रोजच्या वापरात चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. या घराला जीप शेताच्या वाटेवर हवी होती. म्हणून नमुना २५ भरून नेहमीच्या आरसीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर, हा रस्ता धरला. त्याला तपासणी लागते, म्हणून ब्रेक, दिवे आणि स्टेअरिंग चोख हवे.

खालून वर तपासणी

गाडी चार घोड्यांवर (वजन पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर) घेतली. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर जीप ठेवून खाली शिरू नये. घोडे चासीच्या रुळाखाली (गाडीच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईखाली), पाट्याच्या हँगरपासून वीतभर आत. मग ५०० ग्रॅमची हातोडी घेऊन चासीवर टोकापासून टोकापर्यंत ठोके मारत जायचे. निरोगी लोखंड खणखणते, कुजलेल्या जागी आवाज बद्द येतो. मागचा आडवा मेंबर, जिथे टो हुक बसतो, तो बद्द निघाला. उजव्या रुळावर स्टेअरिंग बॉक्सच्या बोल्टपाशी केसासारखी फट दिसली. ती दिसण्यासाठी जागा घासून, रॉकेल लावून, पुसून खडूची पूड चोळली; फटीत मुरलेले रॉकेल खडूवर रेघ उमटवते.

चासी वाकलेली आहे का हे पाहायला पुढच्या आणि मागच्या स्प्रिंग हँगरच्या पिनांपासून ओळंबा सोडून जमिनीवर चार खुणा केल्या आणि कर्ण मोजले. फरक ३ मिमी निघाला. ५ मिमीपर्यंत आम्ही चालवून घेतो. त्यापुढे चासी जिगवर (सरळ करायच्या साच्यावर) न्यावी.

यानंतर क्रम ठरला: आधी इंजिन फिरते का एवढेच पाहायचे, मग चासी, स्टेअरिंग, ब्रेक, मग गिअर, आणि रंग सगळ्यात शेवटी. इंजिन चालू झाले की घरात उत्साह येतो आणि गाडी अंगणात फिरवायची घाई होते. ब्रेक नसलेली जीप उतारावरच्या अंगणात चालू करणे हा खरा धोका आहे, म्हणून ब्रेक होईपर्यंत प्रोपेलर शाफ्ट (अॅक्सलकडे ताकद नेणारे दांडे) खोलून बाजूला ठेवले.

अडकलेले इंजिन

प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये सुमारे ५० मिली डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचे तेल) निम्मे-निम्मे ओतले आणि आठवडाभर तसेच ठेवले, मधे एकदा पुन्हा भर घातली. या काळात दोन गोष्टी टाळायच्या: गाडी ओढून गिअरवर टाकणे आणि हँडलवर पाइप चढवून जोर लावणे. पहिल्याने रिंगांचे तुकडे होतात, दुसऱ्याने क्रँकच्या पुढच्या नटाचे दात जातात. आठवड्यानंतर फ्लायव्हीलच्या रिंगवर पहारीने दोन्ही दिशांना अगदी थोडा झोका देत राहिले की इंजिन हलके सुटते. इथे ते असेच सुटले.

सुटले तरी फिरवत बसायचे नाही. एफ-१३४ मध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्याने सायलेन्सरमधून आलेली ओल थेट त्यांच्या दांड्यांवर बसते आणि ते वर उचललेल्या स्थितीत चिकटतात. इनटेक त्याच कप्प्यात वरून खाली उतरतो. म्हणून आधी बाजूचे झाकण काढून चारही एक्झॉस्ट बघायचे. इथे दोन अडकलेले होते. वरून पातळ तेल सोडत, लाकडी ठोकळ्याने खाली दाबत, खालून टॅपेटने उचलत ते मोकळे केले.

हेड काढताना अनेकांचा घात होतो तो एका बोल्टमुळे. बाहेरून दिसणारे सगळे बोल्ट निघाले तरी हेड हलत नाही, कारण एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली, हवा जाण्याच्या तोंडात आहे. कार्ब्युरेटर काढल्याशिवाय तो दिसत नाही. न समजता हेडखाली पटाशी ठोकली तर बसायचा पृष्ठभाग खराब होतो आणि हेड फेसिंगला पाठवावे लागते. व्हॉल्व्हची कुलपे (स्प्रिंग धरून ठेवणारे छोटे तुकडे) काढण्याआधी बाजूच्या कप्प्यातली तेल उतरायची भोके चिंध्यांनी बंद करावीत; कुलूप त्यातून निसटले तर सम्प (खालचे तेलाचे भांडे) खोलल्याशिवाय परत मिळत नाही.

बोअरचा (सिलेंडरच्या आतल्या पोकळीचा) मूळ व्यास ७९.३७ मिमी. गेजने मोजल्यावर जास्तीत जास्त झीज ०.०८ मिमी. तिसऱ्या सिलेंडरमध्ये रिंगा जिथे वर्षानुवर्षे थांबल्या होत्या तिथे गंजाची रेघ होती, नखाला लागेल इतपत. लेथवाल्याचा आग्रह वीस थाऊ (इंचाचे वीस हजारांश) बोअर करून नवे पिस्टन घालण्याचा होता. तसे केले नाही. झीज ०.१२ मिमीच्या आत आहे, इंजिन कमी दाबाचे आणि सावकाश फिरणारे आहे, आणि बोअर वाढवायच्या संधी मोजक्याच असतात. होनिंग करून (दगडाने बोअर आतून हलके घासून) तिरप्या रेघा पाडल्या, नव्या रिंगा घातल्या. रिंगेची फट बोअरमध्ये बसवून ०.३ मिमीच्या आसपास ठेवली. रेघेचा ठसा थोडा राहिला, त्याने तेल किंचित जळेल, एवढे मान्य केले.

व्हॉल्व्हचे फेसिंग आणि ब्लॉकमधल्या सीटचे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून आणले. जोडताना हेड बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने तीन टप्प्यांत कसून शेवटी ८.३ ते ९.७ किलोग्रॅम-मीटर. कनेक्टिंग रॉडच्या कॅपा ४.८ ते ६.२, मेन बेअरिंग ९ ते १०.४. थंड इंजिनावर टॅपेटची फट इनटेकला ०.४५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.४० मिमी. इतर गाड्यांच्या सवयीने मेकॅनिक एक्झॉस्टला जास्त फट ठेवतो. इथे उलटे आहे, म्हणून आकडे बॉनेटच्या आत लिहून ठेवावेत. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, पॉइंट ०.५ मिमी, प्लग ०.७५ मिमी, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या बिंदूच्या) ५ अंश आधी.

पाण्याच्या बाजूचे काम कंटाळवाणे पण अत्यावश्यक आहे. कोअर प्लग (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) बाहेरून रंगाने धरलेले असतात आणि आतून कुजलेले. सगळे काढले. चौथ्या सिलेंडरच्या मागे भिजलेल्या सिमेंटसारखा गंजाचा गाळ भरला होता. तो तारेने उकरून, पाण्याचा जोर मागून पुढे लावून काढला. हा गाळ राहिला तर मागचे सिलेंडर तापतात आणि काटा मात्र नेहमीसारखा दिसतो, कारण तापमान मोजणारा बल्ब तिथे नसतो.

सुरू करण्यापूर्वी प्लग काढून ठेवून स्टार्टरने ऑइल प्रेशर दिसेपर्यंत फिरवले. इंजिन सुरू झाल्यावर, ते गरम असताना सिलेंडरांतला दाब (कॉम्प्रेशन) मोजला: चारही सिलेंडर ११० ते ११८ पीएसआय. मॅन्युअल १२० ते १३० मागते, पण सिलेंडरांमधला फरक १० च्या आत आहे हे जास्त महत्त्वाचे.

चासी

स्टेअरिंग बॉक्सपाशी सापडलेल्या फटीच्या टोकाला ५ मिमीचे भोक पाडले, नाहीतर वेल्डिंगखाली फट पुढे सरकत राहते. मग फट ग्राइंडरने व्ही आकारात उघडून, ३.१५ मिमीच्या लो-हायड्रोजन रॉडने, रॉड भट्टीत सुकवून, थोडे थोडे वेल्ड केले. वरून ४ मिमीची पट्टी लावली. पट्टीची टोके सरळ कापू नयेत. माशाच्या शेपटीसारखी तिरपी कापावीत आणि रुळाच्या वरच्या व खालच्या काठावर आडवे वेल्ड टाकू नये. आडव्या वेल्डच्या शेजारीच पुढची फट पडते. स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट जिथून जातात तिथे रुळाच्या आत नळीचे तुकडे बसवले, म्हणजे बोल्ट कसताना रूळ चेपत नाही. मूळ फट पडण्याचे कारणच ते चेपणे होते. मागचा मेंबर पूर्ण बदलला. वेल्डिंगआधी बॅटरी आणि डायनामोच्या तारा सोडवाव्यात, आणि पेट्रोलची टाकी गाडीबाहेर. ती चालकाच्या आसनाखालीच असते.

स्टेअरिंग: सगळ्यात जास्त लक्ष इथे

गाडी हलत नव्हती तेव्हाही स्टेअरिंगच्या चाकावरचा प्ले (ढिलेपणा) हातभर होता. स्टेअरिंग बॉक्स बदला असाच सल्ला सगळीकडून मिळतो. पण या जीपमध्ये बॉक्सपासून चाकांपर्यंतच्या साखळीत सहा-सात जोड आहेत आणि प्रत्येकाचा प्ले पुढच्यात मिळतो. एकाने स्टेअरिंग डावी-उजवी हलवत राहायचे आणि दुसऱ्याने खाली आडवे होऊन प्रत्येक जोडावर बोट ठेवायचे. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी थांबते, तो जोड झिजलेला.

या जीपमध्ये सगळ्यात वाईट निघाला तो बेल क्रँक. पुढच्या आडव्या मेंबरवर बसलेला हा तुकडा बॉक्सकडून येणारी ओढ दोन्ही टाय रॉडना (चाके वळवणाऱ्या दांड्यांना) वाटून देतो. त्याच्या पिनवर सुई बेअरिंग असतात. चिखलात राहून ग्रीस संपले की सुया पिनमध्ये खाचा पाडतात. बेल क्रँकमधला १ मिमीचा प्ले दोन्ही चाकांना मिळतो आणि पुढे चाकाच्या काठावर कैक पटींनी मोठा होतो. पुण्यात नाना पेठेत नवी पिन आणि बेअरिंगचे किट मिळाले. पण मेंबरमधले भोकही लांबट झाले होते; नवी पिन तशीच घातली असती तर महिन्यात पुन्हा तेच झाले असते. भोक वेल्डने भरून लेथवर पुन्हा पाडले. जे हे सोडतात ते दुसऱ्यांदा किट विकत घेतात.

स्टेअरिंग बॉक्स रॉस कंपनीच्या पद्धतीचा, कॅम आणि लिव्हरचा आहे. लिव्हरवरच्या खुंट्या एका बाजूने चपट्या झाल्या होत्या. बॉक्स बसवताना आधी वरच्या झाकणाखालच्या शिमने (पातळ चकत्यांनी) कॅमचा वर-खाली प्ले काढायचा, मग बाजूचा स्क्रू. हा स्क्रू चाके सरळ असतानाच कसायचा. कॅमचा मधला भाग मुद्दाम घट्ट ठेवलेला असतो. वळलेल्या स्थितीत प्ले काढून कसले तर सरळ रेषेत स्टेअरिंग अडते आणि वळणानंतर परत येत नाही. घाटात ते जिवावर बेतते.

मग किंगपिन, म्हणजे पुढचे चाक ज्यांवर वळते ते खुंट. चाक घोड्यावर धरून वर-खाली हलवल्यावर नकल (चाक धरून वळणारा सांध्याचा तुकडा) हलत असेल तर वरचे-खालचे टेपर बेअरिंग सैल आहेत. इथे बेअरिंगच्या वाट्यांवर रोलरचे ठसे उमटले होते. गाडी वर्षानुवर्षे एकाच जागी उभी राहिल्याचा तो परिणाम. बेअरिंग बदलले. बसवताना फेल्ट सील आणि टाय रॉड न लावता, नकलच्या हाताला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचे: नकल सरकत राहायला ५.५ ते ७ किलो ओढ लागली पाहिजे. कमी लागली तर शिम कमी करायचे, जास्त लागली तर वाढवायचे, आणि वर-खाली सारखेच ठेवायचे; नाहीतर आतला अॅक्सल मध्यावर राहत नाही.

४० किमीच्या आसपास पुढची चाके अचानक थडथडू लागतात आणि गाडी थांबवल्याशिवाय थांबत नाहीत, ही जीपवाल्यांची नेहमीची तक्रार. लोक त्यावर स्टेअरिंग डँपर बसवतात. डँपरने आजार लपतो. ढिले किंगपिन, बेल क्रँक आणि मोठे टायर, या तिघांत कारण सापडते. मोठ्या टायरचा हट्ट या पायरीवर सुटला. ६.००-१६ हेच टायर घातले.

टो-इन (पुढची चाके समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली ठेवण्याचे माप) १.२ ते २.४ मिमी. दोन्ही टाय रॉड बेल क्रँकला वेगवेगळे जोडलेले असल्याने आधी बेल क्रँक चासीच्या मध्यरेषेवर बांधून ठेवायचा आणि मग डावे-उजवे स्वतंत्र लावायचे. एकाच बाजूचा रॉड फिरवून एकूण आकडा जुळवला तर स्टेअरिंग चाक वाकडे राहते आणि एका बाजूला वळणे कमी मिळते.

ब्रेक आणि मागचे हब

डाव्या बाजूच्या चाकांचे नट सोडताना आधी स्टडच्या टोकावर ‘एल’ अक्षर आहे का पाहावे. जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूला उलटे आटे असतात; नेहमीच्या दिशेने जोर लावला की स्टड तुटतो.

मागचा ड्रम हबसकट अॅक्सलच्या निमुळत्या टोकावर बसतो, चावीसह. वर्षानुवर्षांनी तो इतका पकडतो की साध्या पुलरने हलत नाही. पाच बोल्टवर बसणारा जड पुलर लागतो, तोही भाड्याने आणलेला बरा. नट दोन आटे सोडून तसाच ठेवायचा, म्हणजे हब सुटताना उडून अंगावर येत नाही. पुलर कसून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी मधल्या स्क्रूवर एक दणका. अॅक्सलच्या टोकावर थेट घण मारला तर धक्का डिफरेन्शियलमधल्या मधल्या ठोकळ्यापर्यंत जातो. गॅसने लाल केले तर सील आणि अॅक्सलचे पाणी (पोलादाचा कणखरपणा) दोन्ही जातात. परत बसवताना निमुळता भाग कोरडा आणि स्वच्छ, तेलाचा थेंबही नको. नट किमान २०.७ किलोग्रॅम-मीटर, आणि कॉटर पिनचे भोक जुळवायला पुढेच फिरवायचे, मागे कधीच नाही. ढिला नट चावीची खाच फाडतो.

ब्रेकचा सर्किट एकच आहे: एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून जुनी एकही नळी ठेवली नाही. तांब्याची साधी नळी वाकवायला सोपी म्हणून बाजारात देतात. ती कंपनाने कडक होऊन चिरते. स्टीलची किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची घ्यावी आणि टोके दुहेरी फ्लेअर करावीत. मास्टर सिलेंडर आणि चारही व्हील सिलेंडर नुसत्या किटवर चालवले नाहीत. आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे असतील तर नवा रबर आठवड्यात कापला जातो. फ्लुइड डॉट ३. चुकून इंजिन ऑइल किंवा डिझेल लागले तर रबर फुगून ब्रेक धरून बसतात.

हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचे चाक आधी. तरीही पेडल मऊ राहिले. कारण हवा नव्हते. नवे लायनर ड्रमच्या गोलाईला पूर्ण टेकत नव्हते. लायनरवर खडू फासून चाक फिरवल्यावर फक्त मधला पट्टा पुसला गेला. घासून दोन्ही टोके टेकवल्यावर पेडल वर आले.

हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अॅक्सलला वाटणाऱ्या पेटीच्या) मागे आहे. तो धरत नव्हता कारण मागच्या सीलमधून आलेल्या तेलाने लायनर भिजले होते. सील बदलण्याआधी ट्रान्सफर केसचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र) पाहिला: कुंभारीण माशीने मातीने बुजवलेला. आत दाब साठला की नवे सीलही गळते. अॅक्सलचे ब्रीदरही त्याच वेळी साफ केले.

गिअर आणि ट्रान्सफर केस

टी-९० चे वरचे झाकण काढून दात पाहिले, ठीक होते, गिअरबॉक्स खोलला नाही. तेल जीएल-४ दर्जाचे, ८०डब्ल्यू-९०. सिंक्रोच्या पितळी कड्यांना काही जीएल-५ तेलांतली रसायने खातात. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यात तेल एकीकडून दुसरीकडे जाते, त्यामुळे दोन्हीकडची पातळी एकाच वेळी तपासायची.

स्पायसर १८ ट्रान्सफर केसमध्ये नेहमी झिजतो तो मधला शाफ्ट, त्याच्या सुया आणि थ्रस्ट वॉशर. खालचे झाकण उघडून गिअर हाताने हलवला तर कळते. शाफ्ट, सुया, वॉशर बदलले. जुन्या गिअरसह नवा शाफ्ट घातला की थोडी शीळ राहते, ती राहिली. लो रेंज पुढचा अॅक्सल जोडल्याशिवाय लागत नाही. तशी लागू लागली तर आतली कुलपाची गोळी हरवली आहे. प्रोपेलर शाफ्ट जोडताना दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे दुबेळके) एका रेषेत आणायचे, क्रॉस (सांध्यातले फुलीचे तुकडे) बदलले तरी थरथर राहण्याचे कारण बहुतेकदा हेच.

पेट्रोल आणि वायरिंग

चाळीसेक लिटरची टाकी पाण्याने काठोकाठ भरून त्यात २ किलो लिंबूसत्त्व विरघळवले, दोन दिवस ठेवले, मूठभर नट टाकून हलवले, सोड्याच्या पाण्याने धुतले आणि लगेच वाळवून आत तेल फिरवले. पंपांवरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुना गंज सुटा करते, पाणी शोषते आणि जुन्या रबराला मऊ करते. पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरचे वॉशर, रबरी नळ्या सगळे इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घातले. अशा पेट्रोलवर मिश्रण पातळ पडते. मेन जेट एक माप मोठा केल्यावर चढावर इंजिन ठोकणे थांबले.

वायरिंग उंदरांनी खाल्लेले. जुने सांधत बसण्यापेक्षा नवा हार्नेस टाकला, फ्यूज बॉक्स वाढवला, आणि इंजिन ते चासी व चासी ते बॉडी अशा दोन जाड अर्थ पट्ट्या लावल्या. रंगवलेल्या चासीवर अर्थ मिळत नाही. जागा घासून बोल्ट लावून मग वरून ग्रीस.

बॉडी

पत्र्याच्या तळाखालचे टोपीच्या आकाराचे आडवे चॅनल वरून दिसत नाहीत आणि तिथेच पाणी साठते. सहापैकी चार नव्याने करावे लागले. तळ कापण्याआधी दोन्ही बाजूंच्या दारांच्या जागी आणि आडवे असे २५ मिमीचे चौकोनी पाइप तात्पुरते वेल्ड करावेत. तसे न करता तळ कापला तर बाजू आत कलतात आणि पुढची काच, बॉनेट काहीच जुळत नाही. तळाला १८ गेजचा, चॅनलला १४ गेजचा पत्रा. वेल्डिंग मिगने, २५ मिमी अंतरावर टाके, मधे थंड होऊ देत. सलग ओढले की तळ डबडबतो.

कोयना खोऱ्यात रंगकाम दसरा ते होळी या काळातच करावे. रेड ऑक्साइड ओल शोषते. पावसाळ्यात रेड ऑक्साइडवर सोडलेला पत्रा खालून पुन्हा गंजतो. उघड्या लोखंडावर दोन हात इपॉक्सी प्रायमर, लांबी (पुट्टी) लागेल ती प्रायमरच्या वर आणि ३ मिमीच्या आत, सांध्यांवर सीलर, मग पीयू रंग. चॅनलच्या आत पोकळीत मेण फवारायचे आणि पाणी निघायची भोके बुजवायची नाहीत. दरवर्षी पावसाळ्यानंतर हे मेण पुन्हा.

रस्त्यावर आल्यावर

पहिली फेरी कुंभार्ली घाटात नेली नाही. आधी गावाच्या सपाट रस्त्यावर ३० किमीच्या वेगाने, प्रत्येक फेरीनंतर चारही ड्रमवर हाताचा पाठचा भाग धरून. एक ड्रम इतरांपेक्षा गरम लागला, अॅडजस्टर अर्धी खूण सैल केला.

घाटात दोन गोष्टी निघाल्या. चढावर इंजिन गुदमरून बंद पडायचे आणि दहा मिनिटांनी सुरू व्हायचे. पंप आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत. पंपात पेट्रोलची वाफ होत होती. मधे अॅल्युमिनियमचा पत्रा लावला आणि नळी मॅनिफोल्डपासून दूर वळवली. दुसरे, पाणी तापू लागले: ब्लॉकमधून सुटलेले गंजाचे पापुद्रे रेडिएटरच्या नळ्यांत अडकले होते. रेडिएटर उलटा करून धुतला, आणि पुढचे काही आठवडे वरच्या होजमध्ये बारीक जाळी ठेवून दर फेरीला ती साफ केली.

५०० किमीवर इंजिन ऑइल बदलून हेड बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा कसले, त्यात कार्ब्युरेटरखालचाही, आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा लावले. मागच्या हबचे नट ५० आणि ५०० किमीवर तपासले. पहिल्या वेळी डावा पाव फेरा पुढे गेला. बेल क्रँक, किंगपिन आणि क्रॉसना दर १,५०० किमीवर ग्रीस, नदी किंवा ओढा ओलांडल्यास त्याच दिवशी. आरसीचे नूतनीकरण झाले. ट्रान्सफर केसची शीळ, दर हजार किमीला अर्धा लिटर तेल जळणे आणि ६० च्या वर वेग नको हे तिन्ही ठरवूनच ठेवले आहे. तेल जळणे याच्या दुपटीवर गेले की मग बोअरचे काम.